विडी सोडणाऱ्याचा सांगाती

मनुष्य व्यसन बहुधा एकट्याने लावून घेत नाही. परंतु ते त्याने एकट्यानेच सोडावे, अशी अपेक्षा मात्र आपण सर्वजण त्याच्याकडून करीत असतो. ही अपेक्षा आम्हांस न्याय्य वाटत नाही, व ती फलद्रूपही होत नाही. म्हणून या अंकाच्या पानांतून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

शालेय वार्षिकांत धूम्रपानाच्या दुष्परिणामांवर एखादा निबंध असतोच. विडीने फुप्फुसे काळवंडतात, हृदय दुर्बल होते, कर्करोग जडतो, हे त्यात लिहिलेले असते आणि ते सर्व खरे आहे. पण ज्याने हे वाचावे तो वाचीत नाही, आणि जो वाचतो त्याच्या घरी ते आधीच ठाऊक असते. विडीच्या बंडलावर रोगग्रस्त अवयवाचे चित्र छापलेले असते, ते ओढणारा दिवसातून दहा वेळा पाहतो. सन २०१६-१७ मध्ये भारतभर झालेल्या प्रौढांच्या तंबाखूविषयक पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांपैकी अर्ध्याहून अधिक लोकांनी आपण ते सोडण्याचा विचार करीत आहो असे सांगितले. ज्यांनी प्रत्यक्ष सोडून पाहिले त्यांतील बहुतेकांनी ते कोणाचीही मदत न घेता सोडून पाहिले. तेव्हा उणीव ज्ञानाची नाही, इच्छेचीही नाही. मग उणीव कशाची, हे शोधण्यासाठी विडी मनुष्याला काय देते हे प्रथम पाहिले पाहिजे.

आमच्या तामसीच्या परिसरात कापसाच्या रानात मजुरी करणाऱ्या मनुष्याकडे पाहावे. उन्हात कमरेत वाकून काम करणारा गडी नुसताच बांधावर बसला, तर तो आळशी ठरतो. विडी पेटवून बसला, तर त्यास कोणी काही म्हणत नाही. विडी विझेपर्यंतची विश्रांती ही त्याची हक्काची विश्रांती असते. शिवाय विडी ही सिगारेटीप्रमाणे आपली आपण जळत राहत नाही; झुरका घेतला नाही तर ती विझते. मग शेजाऱ्यास विचारावे लागते, “काडी आहे का?” या तीन शब्दांनी आमच्याकडील किती संभाषणे सुरू होतात याची गणना कोणी केलेली नाही. बसथांब्यावर मराठी बोलणारा, तेलुगू बोलणारा आणि गोंडी बोलणारा असे तिघे अपरिचित उभे असले, तरी एका काडीवर तीन विड्या पेटतात व भाषेची अडचण राहत नाही. हाताच्या तळव्यावर चुना घालून मळलेल्या तंबाखूचेही तसेच. ती एकट्यापुरती कोणी मळीत नाही. शेजाऱ्यापुढे तळवा करण्याची रीत आहे, आणि पुढे केलेला तळवा नाकारणे हे उद्धटपणाचे समजले जाते. निजामाच्या राज्यात राहिलेल्या या मुलखात एखाद्यास वाळीत टाकण्याला ‘हुक्का-पानी बंद’ करणे म्हणतात. पाण्याच्या जोडीला लोकांनी तंबाखू बसविली, यावरून समाजाने तिला कोणते स्थान दिले होते ते दिसते. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास पोर्तुगीजांबरोबर समुद्रावरून आलेली ही वनस्पती. तीनचारशे वर्षांत तिने पाण्याच्या पंक्तीत जागा मिळविली!

यावरून असे दिसेल की, जो विडी सोडतो तो स्वतःच स्वतःचा हुक्का-पाणी बंद करून घेतो. त्याची विश्रांती जाते, बांधावरची बैठक जाते, बोलण्याचे निमित्त जाते. त्याच वेळी त्याचे शरीरही त्याच्यावर उलटलेले असते. तंबाखूतील निकोटिन धुराबरोबर काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते; ते मिळेनासे झाले की मनुष्य चिडचिडा होतो, झोप लागत नाही, कशात लक्ष लागत नाही. हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत अधिक असतो आणि पुढील काही आठवड्यांत ओसरतो. तलफेची एकेक लाट तर थोड्या मिनिटांचीच असते. ती निघून जाते. पण ती थोडी मिनिटे कोणाबरोबर काढावयाची हा खरा प्रश्न आहे. घरात त्यावर उत्तर मिळते, “मग ओढू नका.” हे उत्तर बिनचूक असून सर्वथा निरुपयोगी आहे.

कोकणी घरात वाढल्यामुळे आमच्या कानांवर लहानपणापासून ‘सांगात’ हा शब्द आहे. सांगात म्हणजे सोबत. संतांच्या वाणीतला ‘सांगाती’ तो हाच. अंधाऱ्या वाटेने कोणास जावयाचे असले तर ‘सांगात’ देण्यासाठी घरातले कोणीतरी उठून त्याच्याबरोबर चालू लागते. कंदील देऊन दारात उभा राहणारा दिवा देतो, सांगात देत नाही. व्यसन सोडणाऱ्यास आम्ही कंदील पुष्कळ दिले. बरोबर चालणारे मात्र दिले नाहीत, आणि बरोबर चालू शकतो तो तीच वाट चालणाराच. ज्याने आठ दिवसांपूर्वी विडी टाकली आहे तो, ज्याने आज टाकली त्यास जे सांगू शकेल ते वैद्यास अगर शिक्षकास सांगता येणार नाही. वैद्य म्हणेल, त्रास चार दिवसांनी कमी होईल. हा म्हणेल, माझा झाला.

महात्मा गांधींच्या आत्मकथेतील एक प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. शाळकरी वयात ते व त्यांचा एक नातलग मुलगा अशा दोघांनी मिळून विड्या ओढण्यास आरंभ केला. प्रथम चुलत्यांनी टाकलेली थोटके, पुढे नोकराच्या पैशांतून चोरलेल्या पैशांच्या विड्या. पुष्कळ मनस्तापानंतर तो नाद सुटला, तोही दोघांचा एकाच वेळी. या कथेचे तात्पर्य म्हणून बहुधा सत्यप्रियता सांगितली जाते. आम्हांस तीतील दोन मुलांची जोडी अधिक लक्षणीय वाटते: ज्या सोबतीने सवय लागली, त्याच सोबतीने ती गेली.

विदेशांत याची मोजदादही झालेली आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी हृदयविकाराच्या अभ्यासासाठी लोकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्यांतील १२,०६७ व्यक्तींच्या १९७१ ते २००३ या काळातील नोंदी तपासून निकोलस क्रिस्टाकिस व जेम्स फाउलर या दोन संशोधकांनी २००८ साली असे प्रसिद्ध केले की, लोक धूम्रपान सुटे सुटे सोडीत नाहीत, घोळक्याने सोडतात. पति-पत्नींपैकी एकाने ते सोडले असता दुसऱ्याने ते करण्याचा संभव शेकडा ६७ ने कमी होतो. मित्राने सोडले असता ३६ ने, भावंडाने सोडले असता २५ ने. मित्र मुळातच एकमेकांसारखे असतात, तेव्हा याचे सर्व श्रेय सोबतीला देता येणार नाही, असा आक्षेप काही विद्वानांनी घेतला आहे व तो विचारात घेण्याजोगा आहे. तथापि नवराबायकोचा आकडा पाहून आमच्या मनात एक विचार आला. आपल्याकडे बायका विडी क्वचित ओढतात. पण मिश्री लावणाऱ्या व पानाबरोबर तंबाखू खाणाऱ्या कित्येक घरांत आहेत. विडीसाठी नवऱ्यास बोल लावणाऱ्या गृहिणीने आपली मिश्रीची डबी त्याच दिवशी दूर ठेवली, तर ती तक्रार करणारी न राहता सांगातीण होईल.

सोबतीचे बळ जेवढे मोठे तेवढीच तिची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. मद्यपाश सोडविण्यासाठी १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन या गावी बिल विल्सन हा शेअरदलाल आणि बॉब स्मिथ हा शल्यवैद्य, दोघेही मद्यासक्त, एकमेकांशी बोलले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही जगभर पसरलेली चळवळ जन्मास आली. एका मद्यप्याने दुसऱ्याजवळ मन मोकळे करावे, एवढेच तिचे मर्म. बिल विल्सन याने पुन्हा मद्याला स्पर्श केला नाही. पण तो सिगारेट अतोनात ओढीत असे, आणि १९७१ साली त्याचा अंत झाला तो फुप्फुसांच्या विकाराने. आपल्याकडेही माळकरी मनुष्य मद्यमांस वर्ज्य करतो, एकादशी करतो, वारीस जातो. गळ्यात तुळशीची माळ असली की सर्व दिंडी त्याच्या नियमाची राखण करते. परंतु त्यांपैकी कित्येकांच्या कनवटीला तंबाखूची चंची असते, आणि विसाव्याच्या ठिकाणी ती दिंडीभर फिरते. यात आम्ही वारकऱ्यांस दूषण देत नाही. मेळा ज्याचा नियम करतो ते सुटते, ज्याचा करीत नाही ते सुटत नाही, एवढेच यातून दिसते. म्हणून तंबाखूसाठी निराळा मेळा हवा.

महाराष्ट्रात असे मेळे उभे राहिलेले आहेत. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यास ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसे पुढे स्वतःच नव्याने येणाऱ्यांस धीर देऊ लागली. घरी परतल्यावरही त्यांनी ठरावीक दिवशी एकत्र जमावे असा प्रघात पडला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग यांच्या प्रेरणेने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या नावाने दारू व तंबाखू यांविरुद्ध जे कार्य चालते, त्यात तर गावोगावच्या लोकांनीच संघटना केलेल्या आहेत. तेथे खर्ऱ्याची पुडी ही आमच्याकडील विडीपेक्षाही घरोब्याची वस्तू आहे, हे लक्षात घेता ते काम किती अवघड असेल याची कल्पना येईल.

तामसीत अशी संस्था नाही; पण तिच्यावाचून अडण्याचेही कारण नाही. एकाच वावरात वा एकाच आळीत राहणाऱ्या चौघांनी एक दिवस ठरवावा. दोघांपेक्षा चौघे बरे, कारण दोघांतला एक घसरला तर दुसऱ्यास घसरण्याला निमित्त होते. विडीची सुट्टी मोडू नये. ती तशीच घ्यावी, बांधावर तसेच बसावे, फक्त हातात फुटाणे अथवा बडीशेप असावी. तलफ आली असता त्या मिनिटास चौघांपैकी कोणाकडे तरी जावे, आणि ज्याच्याकडे आला त्याने त्यास उपदेश न करता पिकाविषयी, पावसाविषयी, वाटेल त्याविषयी बोलते ठेवावे. एखाद्याने चोरून एक विडी ओढलीच तर त्याच संध्याकाळी तिघांस सांगावे. सर्वांत मोठा धोका येथे आहे. विडी ओढल्याने जितके नुकसान होत नाही तितके ती लपविल्याने होते. लपविणारा दुसऱ्या दिवशी बैठकीस येत नाही व तिसऱ्या दिवशी बंडल आणतो. अशा वेळी त्यास हसणारा तिऱ्हाईत असतो. सांगाती म्हणतो, उद्यापासून पुन्हा मोज. कोणास फारच त्रास होत असेल तर सरकारी दवाखान्यात विचारावे, किंवा तंबाखूच्या वेष्टनावर छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर दूरध्वनी करावा. औषधाची लाज बाळगण्याचे कारण नाही.

आता विद्यार्थ्यांविषयी. हल्ली पुष्कळ शाळांतून मुलांकडून वडिलांस पत्रे लिहवून घेतात: “बाबा, तुम्ही विडी सोडा.” हेतू उत्तम आहे, पण आम्हांस ती पद्धत फारशी रुचत नाही. दहा वर्षांचा मुलगा चाळीस वर्षांच्या पित्याचा सोबती होऊ शकत नाही. वडिलांनी पत्र वाचून विडी सोडली नाही, तर आपल्यावर त्यांचे प्रेम नाही असे त्या मुलास वाटते, आणि हे त्याच्या कोवळ्या मनावरचे ओझे कोणत्याच शाळेने टाकू नये. मुलांना करता येण्याजोगी एक गोष्ट मात्र आहे. घरोघरी वडीलधारे मुलांस दुकानात पिटाळतात, “जा रे, एक बंडल आण.” २००३ सालच्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूचा कोणताही पदार्थ विकणे, तसेच शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तो विकणे गुन्हा आहे. तेव्हा मुलाने नम्रपणे म्हणावे, “आबा, दुकानदाराला ती मला देता येत नाही.” यात उद्धटपणा नाही, आणि वडिलांस स्वतः उठून जावे लागले तर निम्म्या वेळा ते जाणारही नाहीत.

मोठ्यांकडेही आमचे एक मागणे आहे. लग्नकार्यात पानसुपारीच्या तबकात विड्या-सिगारेटी ठेवण्याची चाल आमच्या भागात अजून काही घरी दिसते. यजमानाच्या मनात आदर असतो. पण त्या मांडवात आठ दिवसांपूर्वी विडी सोडलेला एखादा पाहुणा बसलेला असतो, आणि तबक त्याच्यापुढे येऊन थांबते. येत्या लग्नसराईत तबकात पान, सुपारी, लवंग, बडीशेप एवढेच असावे. ज्यास विडी हवीच असेल तो ती आपल्या खिशातून काढील.