एका घराचा कागद, सगळ्या गावाचा पुरावा

दिवा, साबे, दातिवली, आगासन, बेतवडे, म्हातार्डी. या गावांतल्या जुन्या घरांना एक कळकळीची विनंती आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्याखालच्या खणात, जुन्या पिशवीत गुंडाळून जे कागद वर्षानुवर्षे पडून आहेत ते रद्दीत घालू नका. जुने घर पाडून जागा बांधकामाला देण्याआधी ती पेटी एकदा उघडा. तिच्यात तुमच्या घराण्याचा माग आहे, आणि शेजारच्या चार घरांचाही आहे.

हे चार घरांचे काय, ते नीट पाहू. एखादे जुने खरेदीखत हातात घ्या. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार अशी माहिती झाली की खाली चतुःसीमा येते. पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस तमक्याचा बांध, पश्चिमेस खाडी, उत्तरेस गाडीवाट. त्याखाली साक्षीदारांची नावे, आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या निशाण्या. म्हणजे विकणारा आणि घेणारा अशा दोघांच्या व्यवहारात गावातली आणखी चार-पाच माणसे बापाच्या नावासकट कागदावर उतरलेली असतात. त्यांचे वारस आजही त्याच गावात राहतात. आपल्या पणजोबांचा एकही कागद आपल्याकडे नाही, अशी हळहळ ते करतात, आणि पणजोबांचे नाव असते शेजाऱ्याच्या पेटीत. म्हणून वंशावळीचा शोध एकेकट्या घराने घेतला तर तो लवकर थांबतो. साऱ्या गावाने मिळून घेतला तर पिढ्यान्‌पिढ्या मागे जातो.

या गावांचे मूळ पुरुष कोण, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण इथली जमीन आयती मिळालेली नाही. खाडीच्या काठची ही खारी शिवारे. भरतीचे पाणी अडवायला मातीचे बांध घालायचे, पावसाने जमिनीतला खार धुऊन निघायची वाट पाहायची, मग त्यात भात लावायचा. बांध फुटला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आगरी आणि कोळी कुटुंबांनी शेती, मीठ आणि मासळी यांच्या बळावर हा मुलूख राहण्याजोगा केला. त्यांच्या नावाचा शिलालेख नाही, बखर नाही. जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली १८८२ मध्ये निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये समाजाचे वर्णन आहे, पिकांचे आहे, मिठागरांचे आहे. पण अमुक बांध कोणत्या घराने घातला हे त्यात सापडायचे नाही. ते सापडलेच तर सारा भरल्याच्या नोंदीत, फेरफारात, कोतवालाच्या बुकात आणि घराघरांतल्या पेट्यांत.

हा माग काढायचा कसा? सुरुवात आजच्या सात-बारापासून करायची आणि एकेक पायरी मागे जायचे. सात-बाऱ्यावर खातेदाराच्या नावापाशी फेरफाराचे क्रमांक असतात. त्यातला सर्वांत जुना क्रमांक घेऊन फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा, काढायची. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये आला, त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ही वाट बहुधा उघडी असते. नोंदवहीच्या एका पानापाशी जरा थांबा. नोंदीचा क्रमांक, हक्काचे स्वरूप, परिणाम झालेले सर्व्हे नंबर आणि शेवटी अधिकाऱ्याची सही व शेरा, असे रकाने. मधल्या रकान्यात बोरूच्या वळणाचा मजकूर: अमुक बिन तमुक मयत, वारस मुलगे तीन, पैकी धाकटा अज्ञान, त्याचा पालनकर्ता थोरला भाऊ, विधवेचे नाव ‘कोम’ लिहून नवऱ्याच्या नावाला जोडलेले. चार ओळींत एका घराच्या तीन पिढ्या, भावांची संख्या, बापाच्या मृत्यूचा काळ आणि मागे राहिलेल्या बाईचे नाव एवढे सगळे येते. आजोबा ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून लागलेले दिसले, तर जमीन त्यांच्या एकट्याची नव्हती आणि त्यांना भाऊ होते, हेही कळते.

त्यामागे जायचे तर सूड, शेतवार पत्रक, आकारबंद, टिपण ही मोजणीची आणि आकारणीची कागदपत्रे आहेत. दुसरी वाट कुळकायद्याची. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. त्या सुमाराच्या प्रकरणांत कोण जमीन कसत होते, किती वर्षे, कोणाला खंड देत होते, याचे जबाब असतात. ज्यांच्या नावावर त्याआधी जमीनच नव्हती त्यांच्यासाठी हे जबाब फार मोलाचे आहेत. तिसरी वाट जन्म-मृत्यूची, म्हणजे गाव नमुना चौदाची. त्यात पुष्कळदा बाळाचे नाव नसते. अमक्यास मुलगा झाला, एवढेच. पण बापाचे नाव, जात आणि तारीख असते. मृत्यूच्या नोंदीत कारणही असते, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत कोणत्या घरातली माणसे गेली याचा पत्ता लावायचा तर तिथेच पाहावे लागते. चौथी वाट शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीची. आजोबा कोणत्या इयत्तेत असताना शाळेतून गेले आणि कशासाठी, हे तिच्या शेवटच्या रकान्यात असते.

पाचवी वाट दिव्याची खास आहे, ती रेल्वेची. १ मे १८५४ रोजी रेल्वे ठाण्याहून कल्याणपर्यंत पोचली, ती याच शिवारांतून. पुढे दिवा-पनवेल मार्ग झाला, दिवा-वसई झाला, आणि आता बुलेट ट्रेनच्या ठाणे स्थानकासाठी म्हातार्डीच्या बाजूची जमीन गेली. दर वेळी जमीन घेताना मोजणी झाली, निवाडा झाला, खातेदारांच्या याद्या झाल्या. ज्यांनी जमीन गमावली त्यांची नावे त्या याद्यांत राहिली आहेत. तालुक्याच्या दप्तरात शोध अडला तर ठाणे आणि कल्याण दोन्हीकडे विचारा, आणि राज्य पुराभिलेखागाराकडे जा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत इलाख्याच्या काळातले दप्तर आहे, पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कोट्यवधी कागद आहेत. कोणाचे आजे-पणजे अस्थी घेऊन नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेले असतील, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावाच्या नावाखाली घराण्याची नावे मिळू शकतात.

आता घाई कशासाठी, ते सांगतो. पहिले कारण पाणी. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याणपासून दिव्यापर्यंत घरे पाण्याखाली गेली. भिजलेला कागद उन्हात वाळवला तरी शाई परत येत नाही. दुसरे कारण बांधकाम. दिवा झपाट्याने वाढते आहे, कौलारू घरे पडून तिथे इमारती उभ्या राहत आहेत आणि घर रिकामे करण्याच्या गडबडीत सर्वांत आधी जुने कागद जातात. तिसरे कारण कारभारातले बदल. १९८२ मध्ये ठाणे महापालिका झाली, गावांचा कारभार नव्या कार्यालयांकडे गेला. दप्तर एका जागेवरून दुसरीकडे हलते तेव्हा काहीतरी मागे राहतेच. चौथे कारण मोडी. जुन्या नोंदी मोडीत आहेत आणि ती सरसर वाचणारी माणसे मोजकी उरली आहेत. पाचवे आणि सर्वांत मोठे कारण आपली म्हातारी माणसे. कोणता भाऊ कोणत्या गावाला घरजावई गेला, कोणाचे आडनाव कधी बदलले, दोन पाटील घराणी एका मुळाची की वेगळी, हे कोणत्याही नमुन्यात लिहिलेले नाही. कागदाला जोड द्यायची ती याच आठवणींची. आपल्या लग्नांतून धवला गाणाऱ्या धवलारणींना गावातली किती घरे पिढ्यांसकट पाठ असतात, हे त्यांच्याजवळ घटकाभर बसल्यावर कळते.

याचा उपयोग काय, असे तरुण विचारतात आणि तो प्रश्न रास्त आहे. जातपडताळणीला इतर मागासवर्गातल्या अर्जदाराकडे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तो नसला की हुशार मुलाचा प्रवेश अडतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी वाचकांचा शोध सुरू झाला, आणि या वह्यांचे मोल सगळ्यांनी पाहिले. जमिनीच्या लढ्यातही हेच. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात उरणजवळच्या जासईच्या परिसरात पाच जणांनी प्राण दिले आणि पुढे साडेबारा टक्के भूखंडाचा हक्क मिळाला. तो भूखंड मूळ खातेदाराच्या वारसालाच मिळणार, आणि वारस ठरायचा वंशावळीवरून. दुसऱ्या महायुद्धात विमानतळासाठी गेलेल्या जमिनीवरून कल्याणजवळच्या नेवाळीचे शेतकरी २०१७ मध्ये रस्त्यावर उतरले, तेव्हाही प्रश्न सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या नावांचा होता.

पण केवळ लाभापुरते हे काम करू नका. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसला गिरमिटिया म्हणून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आज तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या नोंदींतून आपल्या पूर्वजाचे नाव, बापाचे नाव आणि गाव शोधतात. समुद्रापलीकडच्या त्या वह्या नीट ठेवल्या गेल्या. त्यांचा धागा पुढे जोडायचा तर इकडे, गावात, दुसरे टोक शिल्लक हवे. वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांचा आधार असतो. आपल्याकडे असे एकत्र जपलेले बुक नाही. ते आपल्यालाच तयार करावे लागेल.

काम असे करू. मूळ कागद कोणीही कोणाला द्यायचा नाही. तो ज्याचा त्याच्या घरी राहील. मोबाइलने दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो घ्या, उजेड खिडकीचा असू द्या. घडी जोर लावून उघडू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. प्रत्येक फोटोला गावाचे नाव, सर्व्हे नंबर, साल आणि कोणत्या घरातून मिळाला एवढे लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून नावे विचारा आणि त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा. लेकींची नावे आवर्जून लिहा, कारण जुन्या वारसनोंदींत त्या क्वचितच येतात. सासरी गेलेल्या आत्यांना आणि मावश्यांना फोन करून विचारा.

एक भीती मनात येईल, ती खरी आहे. कागद बाहेर काढला की भाऊबंदकी उठेल, कोणी दावा लावेल, एखादा दलाल त्याचा गैरफायदा घेईल. म्हणून दोन नियम पाळू. गेल्या पन्नास वर्षांतले मालमत्तेचे कागद या संग्रहात घ्यायचे नाहीत. आणि कोणताही फोटो समाजमाध्यमांवर टाकायचा नाही. ज्याचा कागद त्याच्या परवानगीनेच तो दाखवायचा. हा संग्रह वाटण्या उकरून काढण्यासाठी नाही.

महाविद्यालयीन मुलामुलींना सांगणे आहे की मोडी शिका. पुराभिलेख विभाग मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतो, काही महिन्यांच्या सरावाने हात बसतो. प्रत्येक गावातून दोघे जण तयार झाले तरी हे काम उभे राहील. शिक्षकांना विनंती की शाळेच्या जुन्या नोंदवह्या कोरड्या जागी ठेवा आणि त्या स्कॅन व्हाव्यात म्हणून वर पत्र लिहा. नगरसेवकांनी आणि आमदारांनी प्रशासनाकडे लेखी विचारणा करावी की आपल्या गावांचे नमुना सहा, चौदा आणि जुनी पत्रके आज कोठे आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत आणि त्यांतली किती स्कॅन झाली. माहितीच्या अधिकारात हा प्रश्न कोणताही नागरिक विचारू शकतो. सार्वजनिक अभिलेख परस्पर नष्ट करता येत नाहीत, त्यासाठी राज्याचा कायदा आहे. तयार झालेल्या संग्रहाची एकेक प्रत १८९३ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने आणि १८६४ मध्ये स्थापन झालेल्या कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाने ठेवून घ्यावी, अशी विनंती आपण सर्वांनी मिळून करू.

आणि दिव्यात नव्याने राहायला आलेल्यांनो, हे काम तुमचेही आहे. तुमच्यातले कितीतरी जण रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे. दिव्याहून सावंतवाडीची गाडी पकडून गणपतीला गावी जाता, तेव्हा तिथल्या घरातही अशीच एक पेटी असते. इथे फेरफार वाचायला शिकलात तर तिथले तुम्हालाच वाचता येतील. ज्या भूमीने जागा दिली तिच्या जुन्या माणसांची नावे जपायला हातभार लावणे, हे शेजारधर्माचेच काम आहे.

येत्या १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, प्रत्येक गावाने आपल्या गावदेवीच्या मंडपात सकाळी एकत्र जमावे. प्रत्येक घराने एक जुना कागद आणि एक जुनी व्यक्ती सोबत आणावी. चतुःसीमांतली नावे मोठ्याने वाचावीत, आणि ज्यांचे पूर्वज त्यात निघतील त्यांनी तिथल्या तिथे आपली नावे वहीत लिहावीत. पहिल्या दिवशी पंधरा घरे जुळली तरी गावाच्या वंशावळीची सुरुवात झाली. त्यासाठी सरकारी आदेश लागत नाही, निधी लागत नाही. लागते ती फक्त पेटीची किल्ली, आणि ती तुमच्या घरात आहे. आज रात्रीच पेटी उघडा.