पडद्यावरचा निम्मा अंधार

घरच्या मुंजीची, लग्नाची किंवा काश्मीरच्या सहलीची फिल्म पूर्वी मोजक्याच घरांत निघायची. अशा काही घरांच्या माळ्यावर आजही आठ मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणि डब्यांतली रिळं पडून असतात. हल्ली नातवंडं ती खाली काढतात, भिंतीवर चादर लावतात आणि समोर मोबाइल धरून चित्रण करून घेतात. चादरीवर आजी छान चालत असते. मोबाइलमध्ये मात्र चित्र सारखं उजळतं आणि काळवंडतं. दोष दिव्याचा नाही, फिल्मचाही नाही. प्रोजेक्टरच्या पोटात फिरणाऱ्या एका पत्र्याच्या चकतीचा हा खेळ आहे. तिचं नाव शटर.

फिल्म भिंगामागून सरसर वाहत जाते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती थांबत थांबत जाते. नखासारखा एक आकडा फिल्मच्या कडेच्या भोकात शिरतो, तिला एक चित्र खाली ओढतो, बाहेर येतो, पुन्हा वर जातो. प्रोजेक्टरची ती ओळखीची टरटर बरीचशी या ओढाताणीचीच. ओढताना दिवा तसाच फिल्मवर पडू दिला, तर पडद्यावर चित्राऐवजी उभे फराटे दिसतील. म्हणून नेमक्या त्या क्षणी शटरचं पातं दिव्याच्या आड येतं. अंधारात चित्र बदलतं, पातं सरकतं, पुढचं चित्र स्थिर उभं!

मग एकच पातं पुरे की. पण इथे आपले डोळे आडवे येतात. कोडॅक कंपनीने १९६५ मध्ये आणलेली 'सुपर एट' ही घरगुती फिल्म सेकंदाला १८ चित्रांच्या वेगाने चाले, त्याआधीची साधी आठ मिलिमीटर १६ च्या. हालचाल दिसायला एवढा वेग पुरतो. पण सेकंदाला १६-१८ वेळा उजेड-अंधार झाला, तर डोळ्यांना तो चांगलाच जाणवतो, डोकं दुखायला लागतं. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चित्रं दाखवली गेली, तेव्हा यावरचा उपाय रूढ व्हायचा होता. त्या काळची चित्रं इतकी लुकलुकत, की इंग्रजी बोलीत सिनेमाला 'फ्लिक्स' हे नावच पडलं.

उपाय मोठा मजेदार आहे. लुकलुक कमी करायची तर अंधार वाढवायचा! बहुतेक घरगुती प्रोजेक्टरच्या शटरला तीन पाती असतात. एक पातं चित्र बदलताना आड येतं. उरलेली दोन चित्र स्थिर असतानाच, तसं पाहिलं तर विनाकारण, उजेड तोडतात. त्यामुळे एकेक चित्र तीनदा चमकतं. १८ गुणिले ३, म्हणजे सेकंदाला ५४ चमका. एवढ्या वेगाची लुकलुक मंद उजेडात डोळ्यांना फारशी जाणवत नाही. फिल्मच्या काळात थिएटरमध्ये सेकंदाला २४ चित्रं चालत, तिथे दोन पात्यांवर भागे.

याची किंमत उजेडाने मोजावी लागते. पन्नास फुटांच्या सुपर एट रिळात ३६०० चित्रं असतात आणि ती ३ मिनिटं २० सेकंद चालतात. त्यातला जवळजवळ निम्मा वेळ पडदा काळा असतो. आजोबा हसताना आपण पाहतो, त्यातलं निम्मं आपल्या मेंदूने भरून काढलेलं! पटत नसेल तर झोतासमोर हात हलवून पाहा. एका हाताचे चार-पाच हात दिसतील.

आता त्या मोबाइलकडे वळू. तो सेकंदाला २५ चित्रं टिपत असेल, तर ५४ चमका २५ चित्रांत सारख्या वाटल्या जात नाहीत. कुठे उजेड जास्त पडतो, कुठे कमी. ५० चमका असत्या तर हिशेब चुकता झाला असता. त्यासाठी फिल्म सेकंदाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश चित्रांच्या वेगाने चालवावी लागते. प्रोजेक्टरला वेग कमी-जास्त करायचं बटण असेल, तर मोबाइल २५ वर आणि त्याचं शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवा. मग मोबाइलच्या पडद्याकडे पाहत बटण हळूहळू फिरवा. एका जागी धडधड थांबते. आजी किंचित संथ चालेल, तेवढं चालवून घ्या.

मात्र डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ही घाई नको. फिल्म कुजू लागल्याची ती खूण असते. अशी फिल्म आक्रसते, भोकांमधलं अंतर बदलतं आणि तोच आकडा ती फाडत जातो. मध्येच अडकली तर दिव्याच्या उष्णतेने डाग पडून वितळते ते वेगळंच. असं रीळ एकेक चित्र स्कॅन करणाऱ्याकडे द्यावं. त्याच्या यंत्रात प्रत्येक चित्राचा स्वतंत्र फोटो निघतो, त्यामुळे पात्यांची भानगडच नसते.