मान वर करून

मागच्या बैठकीतला विषय तसा साधा होता. धानाची कापणी-चुरणी आटोपली की बचत गटातल्या बायांनी एक दिवस नागपूर पाहायला जायचं. सकाळच्या गाडीनं निघायचं, पायी फिरायचं, रात्री गोंदियाला परत. पण चर्चा दोन तास चालली. आपल्यातल्याच एका जुन्या कार्यकर्तीनं विचारलं, ‘सहली काढायला संघटना आहे का? पोटगीच्या केसेस पडून आहेत, रोजगार हमीची मजुरी थकली आहे, आणि आपण शहर बघत फिरायचं?’ त्यावर आमगावकडची पन्नाशीची एक बाई म्हणाली, ‘कितीक खेपा नागपूरले गेली मी ताई, पन मान वर करून काई नाई पायलं.’

मैत्रिणींनो, हे आपल्या सगळ्यांचंच आहे. नागपूरला आपण जातो ते हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन, मेडिकलमध्ये पेशंट घेऊन, नाहीतर कोर्टाच्या तारखेला. बाई चालत नाही असं नाही. पाण्याला, सरपणाला, मोहफुलांना, तेंदूपत्त्याला ती रोज मैलोगणती चालते. पण डोक्यावर ओझं असलं की मान वर होत नाही. बाईनं बाहेर पडावं ते कामासाठी किंवा देवासाठी. नुसतं पाहायला म्हणून निघाली की ती ‘भटकी’ ठरते. तोच रस्ता पुरुषानं पानठेल्यावर उभं राहून दिवसभर न्याहाळला तर त्याला कुणी कारण विचारत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईबद्दल हेच मांडलं. मुंबईसारख्या शहरातही बाईला रस्त्यावर असण्याचं कारण दाखवावं लागतं. मग आपल्या गावाचं काय सांगावं! १७ मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट झालं, ही चांगली गोष्ट आहे. पण घरातून निघताना द्यावा लागणारा जबाब अजून पूर्णच द्यावा लागतो.

म्हणून ही सहल कामाच्या आड येणारी नाही, ती कामातलीच आहे असं आम्हाला वाटतं. मात्र ती नीट आखली पाहिजे. शहराच्या माहितीपुस्तकात राजे, किल्ले आणि पुतळे असतात. आपली वाट आपणच काढावी लागेल.

ती रेल्वे स्टेशनावरच सुरू होते. याच स्टेशनावर जाईबाई चौधरी हमाली करत होत्या. पुढे त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. अस्पृश्य म्हणून नोकरी टिकू दिली नाही, तेव्हा १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली. हा इतिहास उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या पुस्तकामुळे आपल्यापर्यंत आला. गाडीतून उतरल्यावर पाच मिनिटं तिथेच थांबून जाईबाईंची गोष्ट एकीनं सांगावी.

तिथून चालत झिरो माइल. जवळच गोवारी शहिदांचं स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मेले. त्यात बहुतेक बाया आणि मुलं होती. गोवारी आपल्या जिल्ह्यातही राहतात. मोर्चात आपण या रस्त्यावरून घोषणा देत गेलो, पण तिथे शांत उभं राहणं कधी झालं नाही.

मग सीताबर्डी. १८१७ च्या लढाईची ही टेकडी. किल्ला सर्वांसाठी वर्षातल्या मोजक्याच दिवशी उघडतो, म्हणून तो खालूनच पाहायचा. पुढे गांधीसागर तलावाच्या काठी डबे सोडायचे आणि मग महालात शिरायचं. हे नगर वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंदानं. आपल्या गोंड मैत्रिणींनी हे त्या जागी उभं राहून ऐकावं. भोसले नंतर आले. त्यांच्या घरातली एक बाई मात्र नागपूरकरांना दरवर्षी आठवते. ती म्हणजे बांकाबाई. इंग्रजांना सामील झाली म्हणून तिच्या नावानं काळी मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवतात, शिव्या देतात आणि जाळतात. पण १८१६ साली इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला तो आप्पासाहेब भोसल्यांनी. पुढच्याच वर्षी ते लढले, म्हणून इतिहासानं त्यांना माफ केलं. त्यांची मारबत कुणी काढत नाही. बांकाबाईची बाजू घ्या असं आमचं म्हणणं नाही. पण दोष ठेवायला बाईच का सापडते, हा प्रश्न महालातल्या गल्लीत उभं राहून विचारण्यासारखा आहे.

शेवटी बसनं दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी, २० जुलै १९४२ ला, याच शहरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे आणि बाबासाहेब स्वतः तिथे बोलले, हेही तिथे बसून सांगावं.

आता तयारीचं. दोघींनी आधी जाऊन ही वाट चालून यावं. स्वच्छ संडास-मुतारी कुठे आहे, पाणी कुठे, बसायला सावली कुठे, हे लिहून आणावं. बाया दिवसभर पाणी न पिता फिरतात त्याचं कारण आपल्याला माहीत आहे. चाल सगळ्यात वयस्क बाईची धरावी. दुपारनंतर पाय दुखले तर एखादं ठिकाण खुशाल सोडावं. एकेका जागेची माहिती एकेकीनं सांगावी, कार्यकर्तीनं भाषण करू नये. लेकरं आणि त्या दिवसाचा स्वयंपाक घरच्या पुरुषांकडे सोपवायचा, हे आठ दिवस आधीच ठरवावं.

घरी काय सांगायचं, हा प्रश्न बैठकीत शेवटी आलाच. ‘मीटिंग आहे म्हणून सांगू’, असं दोघी-तिघी म्हणाल्या. तसं सांगू नये. ‘मी नागपूर पाहायला चालले’ एवढंच सांगावं. हे वाक्य घरात उच्चारता आलं की निम्मी सहल झाली असं समजा.

आपल्या शहरातली अशी वाट तुम्हीही शोधा. पुण्यात १८४८ चा भिडेवाडा २०२३ पर्यंत उभा होता, त्याची जागा आजही आहे, तुमच्या गावातही काहीतरी असेलच. चालून झाल्यावर काय पाहिलं, कुणी अडवलं, कुठे हसलात, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात जागा ठेवली आहे.