शरीराचे संचित आणि उसाचा फड

गोवर म्हणजे बालपणी एकदा येऊन जाणारा पाहुणा, ही समजूत चुडाव्यापासून मुंबईपर्यंत अद्याप टिकून आहे. २०२२ साली मुंबईच्या गोवंडी भागात या पाहुण्याने बालके नेली. भिवंडी-मालेगावातही साथ पसरली. तरीही समजूत ढळली, असे म्हणवत नाही.

त्वचा आणि श्लेष्मल आवरण ही शरीराची पहिली तटबंदी होय. ती ओलांडून जंतू आत शिरलाच, तर भक्षक पेशी धावून जातात. परंतु नेमका शत्रू हेरणाऱ्या लसिका पेशी व त्यांची प्रतिपिंडे सिद्ध होण्यास पहिल्या खेपेस आठवडा-दोन आठवडे लागतात. लढाई सरल्यावर काही पेशी शत्रूची ओळख जपून राहतात. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा भांडवलसंचयच. लस तो रोगाची किंमत न देता मिळवून देते. गोवराचा विषाणू घाला घालतो तो नेमका या स्मृतिपेशींवर. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोवरानंतर प्रतिपिंडांचा ११ ते ७३ टक्के साठा नाहीसा झाल्याचे आढळले. मूल बरे होते, पण जुनी पुंजी गमावून. मग न्यूमोनिया वा हगवण त्याला सहज गाठते.

एक रोगी बारा ते अठरा जणांना गोवर देऊ शकतो. म्हणूनच शंभरातील ९५ बालकांना दोन्ही डोस मिळाल्यावाचून साथ अडत नाही. पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, दोन्ही मोफत.

मोफत खरेच? पोळ्याच्या सुमारास जन्मलेल्या मुलाचा पहिला डोस गावी होतो. दुसऱ्याची वेळ येते ती पौषाच्या आगेमागे, आणि तेव्हा मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे फडावर कोपीत असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. आईने दवाखाना गाठायचा तर खाडा पडतो, आणि तो उचलीच्या हिशेबात चढतो. लस फुकट असली तरी दिवस फुकट नाही. हंगाम संपवून परतल्यावर डोस देता येतो, हे खरे. पण तोवर ते मूल परगावच्या गर्दीत अर्धवट संरक्षणावर वावरते आणि परतल्यावर कार्डाची आठवण राहतेच असे नाही.

लाभ साऱ्या समाजाचा, खर्च मात्र एका कोयत्याचा, ही वाटणी अन्याय्य आहे. साखर कारखान्यांनी गाळपाच्या पहिल्याच महिन्यात तळावर लसीकरण करवून घ्यावे आणि त्या दिवसाच्या खाड्याची भरपाई स्वतः द्यावी. गाळपाच्या एकूण खर्चात ही रक्कम नगण्य ठरेल.