पदवी पडली की लगेच एम. बी. ए.?



शेतकी खात्याच्या माणसाने लागण, खत, पाणी सोडून शिक्षणावर का लिहावे, असे काहींना वाटेल. परंतु हल्ली गट ऑफिसला ऊसनोंदीसाठी आलेले सभासद नोंद झाली की खुर्ची पुढे ओढतात आणि पोराच्या शिक्षणाचे विचारतात. यंदा तिघा-चौघांचा प्रश्न एकच होता : "साहेब, पोरगं बी. कॉम. झालं. आता लगेच एम. बी. ए. करून इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचं म्हणतंय. रान तारण ठेवून कर्ज काढू का?" रानाचा विषय निघाला म्हणजे तो आमच्या खात्याचाच झाला.

आधी ही बँक म्हणजे काय ते पाहू. ती आपल्या जिल्हा बँकेसारखी ठेवी घेणारी व पीककर्ज देणारी बँक नव्हे. कंपनीला भांडवल हवे असल्यास शेअर काय किमतीला व कोणाला विकावेत, एक कंपनी दुसरीने घ्यावयाची तर तिचे मोल किती, हे ठरवून व्यवहार जुळवून द्यायचा आणि त्यावर फी घ्यायची, हा तिचा धंदा. आपल्याला हे अगदीच परके नाही. १९५० साली प्रवरेचा कारखाना उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून जमविलेल्या भागांच्या बळावर. पहिले अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. आपल्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी सहकाऱ्यांसह १९१९ साली सिंदिया जहाज कंपनी काढली, तीही लोकांना शेअर विकूनच. आज हे काम मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात संगणकापुढे बसून चालते, आणि ऐन व्यवहाराच्या वेळी रात्रीचे दोन वाजतात. हंगामात आमचे स्लिपबॉय जागतात तसेच. पगार मात्र कितीतरी पटींनी जादा, ही गोष्ट वेगळी!

त्या पगाराकडे बघून पोरे धावतात, यात गैर काही नाही. पण वाट कशी आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. या बँका सगळ्या कॉलेजांत भरतीला जात नाहीत. अहमदाबाद, कलकत्ता, बंगलोरच्या आय. आय. एम. आणि आणखी मोजक्या संस्था, एवढाच त्यांचा फेरा. आपल्या राज्यात १९६५ पासून चालू असलेली चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था नाव घेण्याजोगी. तिथे राज्याच्या सी. ई. टी.तून प्रवेश मिळतो आणि फी अहमदाबादच्या मानाने पुष्कळ कमी आहे. अहमदाबादला दोन वर्षांचे पंचवीस लाखांच्या घरात जातात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जूनच्या सुमारास प्रवेश, आणि दिवाळीच्या मागेपुढे उन्हाळी उमेदवारीसाठी कंपन्यांच्या मुलाखती. बँकेतली पुढची नोकरी बहुधा त्या उमेदवारीतूनच लागते. म्हणजे पोराला तिथे शिकायला मिळतात जेमतेम तीन-चार महिने. मुलाखतीत मग बघणार काय? तर त्याने प्रवेशाआधी काय केले ते. मुंबईच्या पोराने कॉलेजात असतानाच काकाच्या ओळखीने कुठे उमेदवारी केलेली असते. आपल्या पोराकडे मार्कलिस्टशिवाय दाखवायला काही नसते.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की त्या पाच-सहा संस्थांपैकी एखादीत पहिल्याच झटक्यात नंबर लागला तर खुशाल पाठवा, मागेपुढे बघू नका. को. सी. ६७१ लवकर पक्व होतो, तशी काही पोरे असतात. बाकीची को. ८६०३२ सारखी, त्यांना वेळ द्यावा लागतो. आडसाली ऊस दहाव्या महिन्यात तोडला तर टनेजही जाते आणि उताराही, हे आपणांस सांगायला नको.

तो वेळ घरी बसून घालवावा असे आम्ही म्हणत नाही. बी. कॉम.ला ५५ टक्के असतील तर सी. ए.च्या इंटरमीजिएटला थेट नाव घालता येते. आर्टिकलशिप २०२३ पासून दोन वर्षांची झाली आहे, आणि ती सोलापुरातही होते. परीक्षा कठीण, नापास होणारेच जास्त. पण कंपन्यांचे ताळेबंद हाताखालून जातात, घरून पैसे फारसे लागत नाहीत, आणि उलट थोडा स्टायपेंड मिळतो. मुंबईच्या या बँकांत सी. ए. झालेली पोरे पुष्कळ आहेत. दोन-तीन वर्षे असे काम केल्यावर एम. बी. ए.ला गेलेला पोरगा मुलाखतीत निदान स्वतःच्या कामाविषयी बोलू शकतो. काही पालक म्हणतात, वय निघून जाईल. बावीसचा पोरगा पंचविसाचा होईल, एवढेच ना! पोरींच्या बाबतीत लग्नाची घाई पुढे केली जाते; ती घाई घरच्यांची असते, पोरीची नव्हे.

आता रानाचे. नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला तर केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत (२०२४) विनातारण, विनाजामीन कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलतही आहे. अन्य सरकारी शिष्यवृत्ती मात्र चालू नसावी. तेव्हा चांगल्या संस्थेसाठी सातबारा बँकेत नेण्याची वेळ सहसा येऊ नये. आणि रंगीत माहितीपत्रक छापणाऱ्या एखाद्या नाव नसलेल्या कॉलेजासाठी तर तो मुळीच नेऊ नये. तिथे "बँकेत नोकरी" लिहिलेले असते. बऱ्याचदा ती विमा आणि कर्जे खपविण्याची, टार्गेटची नोकरी निघते. किती मुले, कोणती बँक, नेमके काम काय, हे तीन प्रश्न त्यांना लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत फी भरू नका.

आय. आय. एम.साठीची कॅट परीक्षा नोव्हेंबरअखेर असते, म्हणजे नेमकी आपल्या गळिताच्या सुरुवातीला. त्या पंधरवड्यात पोराला तोडीच्या फडावर पाठवू नका. तोडीचे आमचे कर्मचारी बघतील.

— ऊस विकास अधिकारी