एकटीची रोपवाटिका आणि मोबाईलमधला कारकून



एकट्या माणसाच्या धंद्यात कामापेक्षा कामाच्या हिशेबानेच माणूस जास्त दमतो. पिठाची गिरणी असो, शिलाईचे यंत्र असो की भाजीपाल्याची रोपवाटिका. दिवसभर हात मातीत, आणि रात्री दिव्याखाली वही. कोणाची किती रोपे, कोणत्या तारखेला, इसार किती आला, बाकी किती. अशा वेळी मोबाईलमधला बोलका मदतनीस, ज्याला एआय म्हणतात, कितपत उपयोगी पडतो, असे हल्ली गावोगावच्या बैठकीत विचारले जाते. विचारणाऱ्यांत बायका जास्त असतात, कारण पुरुष रात्री वही उघडत नाहीत. असो.

आधी हे प्रकरण आहे काय ते पाहू. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. मागून जेमिनी आले, व्हॉट्सॲपमध्येही असा मदतनीस येऊन बसला. या यंत्राने जगातला अफाट मजकूर वाचलेला असतो. आपण विचारले, की त्या वाचनाच्या अंदाजाने ते एकापुढे एक शब्द मांडत उत्तर तयार करते. त्यामुळे त्याचे बोलणे नेहमी सफाईदार असते, बरोबर असले तरी आणि चुकीचे असले तरी. गावात काही माणसे रस्ता माहीत नसताना वाटसरूला हात दाखवून वाट सांगतात, तशातलाच प्रकार. शिवाय त्याने वाचलेल्यात इंग्रजी फार आणि मराठी थोडे. म्हणून आपल्या बोलीतला शब्द कधी कधी त्याला कळत नाही, पण कळला नाही असे ते क्वचितच कबूल करते.

आता रोपवाटिकेचेच उदाहरण घेऊ. माझ्या भागात एक बाई दहा गुंठ्यांतल्या शेडनेटमध्ये एकटीच टोमॅटो, मिरची, कोबीची रोपे करतात. लिहिण्याचा त्यांना कंटाळा, बोलण्याचा नाही. त्या मोबाईलवर मराठीत बोलतात आणि यंत्र त्याचे कोष्टक करून देते. हे काम यंत्र खरोखर चांगले करते. तारखेचा हिशेबही करते. गिऱ्हाईकाला २० जुलैला टोमॅटोची रोपे हवी असतील आणि रोप २५ दिवसांचे द्यायचे असेल, तर बी २५ जूनला ट्रेमध्ये पडले पाहिजे. मिरचीला ४० दिवस धरले, तर १० जूनला. अशा दहा-पंधरा मागण्या एकत्र आल्या, की माणूस गोंधळतो. यंत्र सहसा गोंधळत नाही. मात्र दिवस किती धरायचे ते आपण सांगायचे. थंडीत रोप रेंगाळते, हे तुमच्या शेडमध्ये उभे राहूनच कळते. रोप वेळेवर उचलले नाही तर कपात मुळ्यांचा वेढा बसतो आणि असे रोप शेतात लवकर धरत नाही. तेव्हा तारीख चुकली तर नुकसान एका ट्रेचे नसते, गिऱ्हाईकाच्या हंगामाचे असते.

रोपांच्या संख्येचा हिशेब मी त्यांच्यासमोर बसून तपासला, तो सविस्तर देतो. एका शेतकऱ्याला एकरभर टोमॅटो लावायचा होता, अंतर चार फूट बाय दीड फूट. एकराचे ४३,५६० चौरस फूट, एका रोपाला ६ चौरस फूट, म्हणजे ७,२६० रोपे. यंत्राने ९८ कपांच्या ट्रेने भागून सांगितले, ७५ ट्रे भरा. भागाकार बरोबर, पण सल्ला चुकीचा! प्रत्येक कपातले बी उगवत नाही, उगवलेले प्रत्येक रोप देण्याजोगे नसते. शंभरात नव्वद रोपे हाती लागतात असे धरले, तर ८३ ट्रे लागतात. बाईंनी 'शंभरी नव्वद धर' असे सांगितल्याबरोबर यंत्राने ८३ काढून दिले. म्हणजे हिशेब त्याला येतो, शेती येत नाही. ती आपण पुरवायची.

दराचेही तसेच. समजा बी, कोकोपीट, ट्रेची झीज, औषध-पाणी मिळून एका कपाला ६५ पैसे पडतात. ८३ ट्रेचे ८,१३४ कप, खर्च सुमारे ५,२८७ रुपये. विकायची रोपे ७,२६०, म्हणून एक रोप ७३ पैशांना पडले. यंत्र इथेच थांबले आणि रुपया दर ठेवला तर २७ पैसे नफा, असे म्हणाले. बाईंची स्वतःची मजुरी कुठे गेली? या मागणीपुरते त्यांचे श्रम १,५०० रुपयांचे धरले, तर रोपामागे २१ पैसे आणखी चढतात आणि रोप ९४ पैशांवर जाते. उरले सहा पैसे. त्यात वाऱ्याने फाटलेली जाळी कशी शिवायची? घरातल्या बाईची मजुरी हिशेबात न धरण्याची खोड यंत्राने कोणाकडून उचलली, हे मी सांगायला नको. त्याला पहिल्याच वाक्यात बजावावे : माझी मजुरी धर.

गिऱ्हाइकांना निरोप लिहायला यंत्र बरे, पण त्याची मराठी बँकेच्या पत्रासारखी. 'आपल्या बहुमूल्य मागणीबद्दल आम्ही आभारी आहोत' असा निरोप वाडीतल्या माणसाला गेला, तर तो आधी घाबरेल. 'दादा, रोपं तयार आहेत, गुरुवारी सकाळी क्रेट घेऊन या, बाकीचे पैसे आणा' असे लिही म्हटले, की ते तसे लिहिते. पैशाचे वाक्य त्यातून गळले नाही ना, ते पाठवण्यापूर्वी पाहावे.

आता औषधांविषयी, आणि येथे मी कडक बोलणार आहे. रोपे बुडाशी कुजून माना टाकू लागली, की फोटो काढून यंत्राला विचारण्याचा मोह होतो. मर रोग असू शकतो, नुसते पाणी जास्त झालेले असू शकते, कोकोपीट नीट धुतले नसेल तर त्यातले क्षारही रोप मारतात. फोटोत तिन्ही सारखीच दिसतात. यंत्राला 'कोणकोणती कारणे असू शकतात' एवढे विचारावे. 'कोणते औषध किती' हे विचारू नये. पंधरा लिटरच्या पंपाचे माप आणि दोनशे लिटरच्या पिंपाचे माप यांची गल्लत झाली, तर एका फवारणीत सारी शेड जळते. औषधाचे प्रमाण डब्यावरच्या लेबलावर छापलेले असते, तेच धरावे. शंका असली तर मेलेले रोप मुळासकट पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात न्यावे.

सरकारी योजना आणि कर यांबाबतही तेच. ट्रॅक्टरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. यंत्राने जुने वाचलेले असेल, तर ते जुनाच आकडा ठासून सांगेल. योजनांसाठी सरकारी मदतनीस वेगळे आहेत. पीएम किसानसाठी २०२३ साली 'किसान ई-मित्र' सुरू झाला, आणि राज्याच्या कृषी विभागाचे 'महाविस्तार' हे ॲप २०२५ मध्ये आले, ते मराठीत उत्तरे देते. तरीही अर्जाची शेवटची तारीख आणि कागदपत्रे गावच्या कृषी सहायकाकडून (आता त्यांना सहायक कृषी अधिकारी म्हणतात) पक्की करूनच तालुक्याला जावे. एसटीचे भाडे आणि बुडालेला दिवस यंत्र भरून देत नाही.

काही गोष्टी त्याला सांगायच्याच नाहीत. आधार क्रमांक, बँकेचे खाते, ओटीपी. गिऱ्हाइकांचे फोन नंबरही नकोत. आपण लिहिलेले कंपनीकडे साठते. कोष्टकात 'वरच्या आळीचे दादा' एवढे लिहिले तरी आपले काम भागते.

आणि वही फेकू नका. मोबाईल पाण्यात पडतो, बदलतो, जुने बोलणे सापडत नाही. यंत्राने केलेले कोष्टक आठवड्यातून एकदा हाताने वहीत उतरवावे, त्यात बियाण्याच्या पुडीवरचा लॉट नंबर अवश्य असावा. दोन-तीन महिन्यांनी फळ वेगळ्याच जातीचे निघाले, तर शेतकरी आधी रोपवाल्या बाईच्या दारात येतो. त्या वेळी पुडी, बिल आणि कोणत्या लॉटची रोपे कोणाला गेली याची नोंद हाती असली, तर तक्रार बियाणे कंपनीकडे नेता येते. रिकाम्या पुड्या जाळू नयेत. तारीख घालून सुतळीत ओवून ठेवाव्यात. या बाईंच्या शेडमध्ये तशी माळ टांगलेली आहे.