कंबर दुखते, पण काम किती जमते?

(विशेष प्रतिनिधी)

घाऊक बाजारात गोणी वाहणारा माथाडी कामगार, एसटीचा चालक आणि बँकेतील कारकून असे तिघेजण वर्षभर कंबरदुखीने हैराण आहेत, असे समजू. तिघांचेही वय पंचेचाळीस. तिघांच्याही एमआरआय अहवालात एकच निष्कर्ष आहे : कमरेच्या मणक्यांमधील गादी झिजली असून ती किंचित बाहेर आली आहे. काही आठवड्यांच्या रजेनंतर तिघांनाही 'कामासाठी फिट' असा एकाच मजकुराचा दाखला मिळतो. कारकून खुर्चीत उशी ठेवून कामाला लागतो. चालकाला दिवसभर रस्त्याचे हादरे सोसत बसावे लागते. माथाडीला पहिल्याच दिवशी पन्नास किलोची गोणी पाठीवर घ्यावी लागते.

आजार एक, अहवाल एक आणि दाखलाही एकच. काम मात्र तीन प्रकारचे. त्या कामाचा दाखल्यात कुठेही उल्लेख नसतो. जुनाट कंबरदुखी असलेल्या माणसाची कार्यक्षमता ठरवताना आपल्या व्यवस्थेकडून होणारी मूळ चूक हीच आहे.

चित्रात न दिसणारे दुखणे

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या कंबरदुखीला वैद्यकशास्त्र 'जुनाट' म्हणते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींवर जाण्याची शक्यता आहे. अपंगत्वासह काढाव्या लागणाऱ्या वर्षांचा हिशेब केल्यास जगात कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो. यातील बहुसंख्य रुग्णांच्या दुखण्याचे नेमके कारण तपासणीत सापडत नाही. हाड मोडलेले नसते, गाठ नसते, जंतुसंसर्ग नसतो.

एमआरआयवर भरवसा ठेवावा, तर तेथेही अडचण आहे. कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआय तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील ३७ टक्के, तर ऐंशीतील ९६ टक्के लोकांच्या मणक्यातील गाद्यांची झीज दिसून आली होती. म्हणजे ज्याचा अहवाल 'वाईट' तो मजेत काम करतो आणि ज्याचा अहवाल 'बरा' त्याला उठवत नाही, असे सर्रास घडते. साहजिकच केवळ चित्र पाहून कामाची क्षमता ठरवणे शास्त्राला धरून नाही.

टक्केवारीचा सापळा

आपली सरकारी यंत्रणा मात्र प्रामुख्याने चित्रावर आणि टक्केवारीवर चालते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. त्यासाठी केंद्राने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, रचनात्मक बिघाडाचा पुरावा नसलेल्या आणि स्नायू न आखडलेल्या मणक्याच्या वेदनेला शून्य टक्के दिले होते. क्ष-किरण चित्रात तीव्र बदल असूनही ते मणक्याच्या एकाच भागात असतील, तर ३० टक्के. थोडक्यात, ज्याला वाकता येत नाही अशा हमालालाही केवळ या तक्त्याच्या आधारे ४० टक्क्यांची पायरी गाठणे कठीण होते.

कर्मचारी राज्य विमा योजनेचेही असेच आहे. आजारपणाचा नेहमीचा लाभ वर्षात ९१ दिवसांपुरता मिळतो. वाढीव लाभासाठीच्या ३४ दीर्घकालीन आजारांच्या यादीत मणक्यातील गादी सरकणे आहे. कारण न सापडलेली कंबरदुखी नाही. भरपाईच्या कायद्यांचा गाभा अपघाताचा आहे. अपघाताला तारीख आणि वेळ असते. वीस वर्षे ओझी वाहून थकलेल्या कमरेला अशी तारीख दाखवता येत नाही.

यापुढचा प्रश्न संशयाचा. दुखणे दिसत नाही, म्हणून ते खोटे असावे, असा समज रुग्णाच्या वाट्याला येतो. स्कॉटलंडचे अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॉडेल यांनी १९८० मध्ये कंबरदुखीच्या रुग्णांतील काही लक्षणांचा संच मांडला. शरीररचनेपलीकडचे घटकही तपासायला हवेत, हे सुचवणे हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात तो ढोंगी रुग्ण पकडण्यासाठी वापरला जाऊ लागला. अखेर, ही लक्षणे म्हणजे लबाडीची चाचणी नव्हे, असे १९९८ मध्ये वॉडेल यांना सहकाऱ्यासह पुन्हा लिहावे लागले.

मोजायचे तरी कसे?

मोजण्याची साधने नाहीत, असे नाही. वजन उचलणे, वाकणे, बसणे, उभे राहणे या क्रिया प्रत्यक्ष करवून घेऊन कार्यक्षमता तपासता येते. रोजच्या जगण्यावरील परिणाम नोंदवणाऱ्या प्रश्नावल्या १९८०च्या दशकापासून वापरात आहेत. फिनलंडमध्ये त्याच दशकात 'कार्यक्षमता निर्देशांक' तयार झाला. आयुष्यातील सर्वोत्तम क्षमता दहा गुण धरली, तर आज किती गुण द्याल, असा साधा प्रश्न त्यात कामगारालाच विचारला जातो. या साधनांनाही मर्यादा आहेत. दुखणे बळावेल या भीतीने माणूस चाचणीत कमी वजन उचलतो. नोकरी जाईल या भीतीने दुसरा झेपणार नाही इतके उचलतो. म्हणूनच एका चाचणीवर निकाल न देता वैद्यकीय तपासणी, प्रत्यक्ष हालचाल, कामगाराचे म्हणणे आणि कामाचे स्वरूप या चारही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

कामाचे स्वरूप पाहण्याचे महत्त्व कॅनडातील क्युबेक प्रांतात दिसून आले. शेरब्रुक परिसरातील कामगारांवरील १९९७ च्या प्रयोगात उपचारांबरोबर कामाच्या जागी जाऊन बदल सुचवले गेले. हे दोन्ही मिळालेले कामगार नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा २.४ पट वेगाने नेहमीच्या कामावर परतले. ब्रिटनने २०१० मध्ये आजारपणाच्या दाखल्याचे स्वरूप बदलले. 'काही बदल केल्यास काम करू शकेल' असा पर्याय त्यात आला. टप्प्याटप्प्याने परतणे, कमी तास, वेगळे काम किंवा जागेत सुधारणा, हे डॉक्टरांना त्यात सुचवता येते.

न्यायालयाने दाखवलेली दिशा

विशेष म्हणजे हा विचार आपल्याकडे परका नाही. सत्तरच्या दशकात हात गमावलेल्या एका सुताराच्या दाव्यात, एका हाताने सुतारकाम करता येत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व संपूर्णच धरले पाहिजे, हा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. ऑक्टोबर २०१० मध्ये रस्ते अपघाताच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे स्पष्ट केले. हात गमावलेल्या चालकाची कमाई जवळपास बुडते, सरकारी कारकुनाची बुडेलच असे नाही, असे उदाहरणही दिले. ही प्रकरणे कंबरदुखीची नव्हती. परंतु माणसाचे अवयव न मोजता त्याचा व्यवसाय पाहा, हे त्यातील तत्त्व कंबरदुखीला तंतोतंत लागू पडते.

मालकांची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. दहा माणसांच्या कारखान्यात हलके काम आणायचे कोठून, आणि कामावर घेतल्यावर दुखणे वाढले, तर जबाबदारी कोणाची, हे त्यांचे प्रश्न खरे आहेत. पण 'फिट' किंवा 'अनफिट' एवढेच लिहिलेला दाखला त्यांनाही मदत करत नाही. किती किलोपर्यंत वजन चालेल, सलग किती वेळ बसता येईल, फेरतपासणी केव्हा, एवढे लिहिलेले असेल, तर कामाची वाटणी करता येते. त्यासाठी कामगाराबरोबर त्याच्या कामाचे अर्ध्या पानाचे वर्णन डॉक्टरांकडे गेले पाहिजे. याला नवा कायदा लागत नाही आणि फारसा खर्चही नाही.

दीर्घ रजा हा उपाय नव्हे, हेही लक्षात घ्यावे लागेल. जितका काळ माणूस घरी बसतो, तितकी तो कामावर परतण्याची शक्यता घटत जाते. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मधील मार्गदर्शक तत्त्वांत व्यायाम आणि समुपदेशनावर भर दिला असून कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन यांचा सरसकट वापर नको, असे म्हटले आहे.

अर्थात हे सारे ज्यांना रजा आणि विमा आहे त्यांच्यासाठी. रोजंदारीवरच्या मजुराला दाखल्याची गरजच पडत नाही. कंबर धरून तो सकाळी नाक्यावर उभा राहतो आणि ठेकेदार त्याच्या चालण्यावरूनच त्याची कार्यक्षमता ठरवतो. दाखल्यांची पद्धत सुधारताना या माणसाला व्यवस्थेत आणले नाही, तर त्या सुधारणेचा लाभ उशी ठेवून खुर्चीत बसणाऱ्यापुरताच राहील.